नव्या घासाचा जामीन

अपरिचित मुलखात प्रवासाला निघण्याचे किंवा कधी न पाहिलेला खेळ पाहायला जाण्याचे धैर्य ज्याच्या अंगी भरपूर आहे, असा मनुष्यही परक्या घरी पानात वाढलेला एखादा अनोळखी पदार्थ समोर आला म्हणजे क्षणभर थबकतो, शेजारच्या पानाकडे पाहतो, आणि यजमानाने पहिला घास घेतला की नाही याची नकळत खात्री करून घेऊन मगच हात पुढे करतो. या थबकण्यात भित्रेपणा नाही. पाहिलेले दृश्य डोळ्यांबाहेर राहते, ऐकलेला सूर कानाशी विरतो. परंतु गिळलेला घास रक्तमांसात मिसळून खाणाराचाच अंश होतो, आणि एकदा आत घेतलेल्या या परक्याला बाहेर घालवण्याची सोय सहसा उरत नाही. म्हणून जिभेच्या दारावर निसर्गाने आणि समाजाने मिळून जितका कडेकोट पहारा बसवला आहे, तितका अन्य कोणत्याही इंद्रियावर बसवलेला नाही.

आहाराचा इतिहास हा माझ्या अध्ययनाचा व अध्यापनाचा विषय आहे. जुनी पाकशास्त्रे, गॅझेटिअरे, प्रवाशांची वर्णने, आठवणींची पुस्तके आणि घरोघरच्या तेलकट डागांच्या वह्या चाळताना, अमुक एक नवा जिन्नस महाराष्ट्राच्या स्वयंपाकघरात कोणत्या वाटेने शिरला, हा प्रश्न मी पुनःपुन्हा विचारीत आलो आहे. आणि उत्तर बहुधा एकच मिळत गेले. पदार्थ रुचकर होता म्हणून तो स्वीकारला गेला, असे फार थोड्या वेळा घडले. रुचकर तो पुढे, सवयीने, ठरला. पहिल्या घासाच्या वेळी त्याच्या वतीने कोणीतरी जामीन राहिलेला होता. कधी घरातले वडीलधारे माणूस, कधी एखादा जुना पदार्थ, कधी एखादे व्रत, तर कधी नुसते पितळेचे भांडे. ज्याला असा जामीन मिळाला त्याने दोन-चार पिढ्यांत घरात हक्काची जागा मिळवली, आणि ज्याला तो मिळाला नाही तो भुकेच्या दिवसांत पोटात जाऊनही परकाच राहिला.

प्राणिशास्त्राच्या दृष्टीने या सावधगिरीचे कारण उघड आहे. गाईला चाऱ्यापलीकडे आणि वाघाला मांसापलीकडे निवड करावी लागत नाही. माणूस व उंदीर यांसारख्या सर्वभक्षकांना मात्र नवे अन्न शोधल्यावाचून गत्यंतर नसते, आणि ते विषारी असण्याची शंका मनातून काढूनही टाकता येत नाही. पॉल रोझिन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९७६ साली या पेचाचे मार्मिक विवेचन केले. त्याच्याही आधी, १९५५ मध्ये, जॉन गार्सिया व त्यांचे सहकारी यांनी असे दाखवून दिले होते की, गोड पाणी पिण्याच्या सुमारास किरणोत्सर्गाने आजारी पडलेला उंदीर पुढे त्या गोडीकडे पाठ फिरवतो. एका वाईट अनुभवाची नोंद शरीराच्या दप्तरात इतकी पक्की होते. दोन वर्षांचे मूल काल आवडीने खाल्लेली भाजी आज ताटाबाहेर ढकलू लागले म्हणजे आया त्याला हट्टी म्हणतात. वस्तुतः स्वतःच्या पायांनी हिंडू लागलेल्या आणि दिसेल ते तोंडात घालू शकणाऱ्या जिवाला निसर्गाने दिलेले ते संरक्षण असते. लीन बर्च या संशोधिकेच्या आणि तिच्यामागून आलेल्या अभ्यासकांच्या प्रयोगांतून असे आढळले की, तोच पदार्थ बळजबरी न करता आठ ते पंधरा वेळा चाखायला मिळाला, तर बहुतेक मुलांचा विरोध मावळतो. ज्युली मेनेला यांच्या २००१ सालच्या प्रयोगात, गर्भारपणी किंवा अंगावर पाजण्याच्या काळात गाजराचा रस पिणाऱ्या मातांची बालके गाजराची चव असलेली पेज इतर बालकांपेक्षा अधिक खुशीने खाताना दिसली. म्हणजे माणसाला मिळणारा पहिला जामीन आईच्या देहाचा होय.

दुसरा जामीन आपल्याकडे विधिपूर्वक उभा केला जातो. आश्वलायन गृह्यसूत्राने अन्नप्राशनासाठी सहावा महिना सांगितला, आणि आजचे बालरोगतज्ज्ञही सहा महिने पुरे झाल्यावरच वरचे अन्न सुरू करण्याचा सल्ला देतात, हा योगायोग लक्षणीय आहे. पण मला त्याहून महत्त्वाची वाटते ती या संस्काराची मांडणी. उष्टावणाच्या दिवशी मामाच्या मांडीवर बसवून, सगळे गोत भोवती हसत उभे असताना, खिरीचे बोट बाळाच्या ओठांना लावले जाते. हे अन्न सुरक्षित आहे, ही ग्वाही त्या चिमुकल्या जिवाला ज्या भाषेत समजू शकते त्याच भाषेत, म्हणजे ओळखीच्या चेहऱ्यांच्या प्रसन्नतेत, दिली जाते. चरकाने सूत्रस्थानात अहितकर सवय सोडताना व हितकर सवय जडवून घेताना एकदम उडी न घेता चतुर्थांशाने, मध्ये अंतर ठेवीत, पालट करावा असे सांगितले आहे. शरीराला परके अन्न सात्म्य होण्यास काळ लागतो, हे त्या भिषग्वर्याने पक्के ओळखले होते.

एवढी पार्श्वभूमी ध्यानात घेऊन मिरचीकडे पाहावे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात रचलेल्या 'मानसोल्लास' या ग्रंथात राजाच्या भोजनाचे जे सविस्तर वर्णन आहे, त्यात मांडे आहेत, वडे आहेत, तऱ्हतऱ्हेचे मांसप्रकार आहेत. मिरची मात्र नाही आणि असणेही शक्य नव्हते, कारण ती त्या वेळी महासागरापलीकडे होती. १४९२ मध्ये कोलंबस अमेरिकेला पोचला, १४९८ मध्ये वास्को द गामा कालिकतला उतरला, १५१० मध्ये पोर्तुगीजांनी गोवा घेतला, आणि त्यानंतर केव्हातरी त्यांच्या गलबतांतून ही तिखट पाहुणी पश्चिम किनाऱ्यावर आली. तोवर तिखटपणाचा कारभार मिरी, पिंपळी व आले यांच्याकडे होता. मिरी मलबारची, विकत घ्यावी लागणारी. मिरची मात्र कोणाही कुणब्याच्या परसात, चार रोपांवर, वर्षभराची गरज भागवणारी. जुन्या मिरीच्या जागी बदली म्हणून ती रुजू झाली, मिरीच्याच नात्याने तिला फोडणीत प्रवेश मिळाला, आणि पुढे तिने मूळ अधिकाऱ्यालाच औषधापुरते व सणापुरते शिल्लक ठेवले. आज कोल्हापूरचा तांबडा रस्सा किंवा खानदेशी शेवभाजी पाहून, ही चव चारपाचशे वर्षांपूर्वी या भूमीला अज्ञात होती, यावर विश्वास बसत नाही.

आणि ही चव तरी कसली! मिरचीतील द्रव्य जिभेच्या ज्या संवेदकाला डिवचते तो संवेदक भाजल्याची सूचना देण्यासाठी आहे. डेव्हिड ज्युलियस यांनी १९९७ मध्ये तो शोधून काढला आणि २०२१ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला. म्हणजे जिभेने 'आग लागली' अशी वर्दी द्यावी आणि आपण तिच्याकडे दुर्लक्ष करून दुसरा घास घ्यावा, असा हा मामला आहे. रोझिन यांनी मेक्सिकोतील एका खेड्यात पाहिले की, उरलेसुरले तिखट अन्न नेहमी खाणारी तिथली कुत्री व डुकरेदेखील निवड दिल्यास बहुधा सौम्य घासाकडेच वळतात, पण मुले मात्र पाचसहा वर्षांची होता होता स्वखुशीने मिरची मागू लागतात. कोणी त्यांना सक्ती केलेली नसते. आईबाप, थोरली भावंडे ते हौसेने खातात, एवढेच त्यांनी रोज पाहिलेले असते. जनावरापुढे अन्न असते, जामीन नसतो. माणसाच्या पोराला तो जेवणाच्या प्रत्येक पंक्तीत मिळतो.

परंतु नव्या जिनसांना सर्वांत उदार आश्रय कोणी दिला असेल, तर तो आपल्या उपवासाने दिला, असे माझे मत आहे, आणि ते ऐकून अनेकांना प्रथम आश्चर्य वाटते. एकादशीचे किंवा महाशिवरात्रीचे ताट नीट न्याहाळावे. बटाटा दक्षिण अमेरिकेचा, रताळे अमेरिकेचे, शेंगदाणा दक्षिण अमेरिकेचा, हिरवी मिरची अमेरिकेची, ज्याच्या लाह्यांचे लाडू आपण सात्त्विक म्हणून खातो तो राजगिराही मूळचा अमेरिकेचा, आणि साबूदाणा ज्या कंदाच्या पिठापासून होतो तो कसावा ब्राझीलकडचा. याच ताटातून गहू, तांदूळ, तूर, हळद, मोहरी हे येथल्या मातीत हजारो वर्षे मुरलेले जिन्नस मात्र वर्ज्य. देशातल्यांना बंदी आणि परदेशस्थांना मुक्तद्वार, अशी ही विलक्षण व्यवस्था आहे. एकट्या भगरीने येथल्या भूमीची बाजू त्या ताटात कशीबशी सांभाळली आहे.

याचे कारण धर्मशास्त्राच्या रचनेत आहे. व्रताच्या दिवशी धान्य वर्ज्य आणि कंदमूळ-फळे ग्राह्य, अशी जुनी विभागणी होती. निषेधाच्या यादीत जे जिन्नस घालायचे ते यादी करणारास ठाऊक असावे लागतात, आणि बटाटा किंवा कसावा हे त्याला ठाऊक असण्याचा संभव नव्हता. पोर्तुगीज गलबतांतून उतरलेले हे कंद मग कंदमुळांच्या जुन्या सनदेखाली सुखरूप आत आले. साबूदाण्याचा प्रवास तर आणखी गमतीचा आहे. मूळचा साबूदाणा मलाया-जावाकडील एका ताडजातीच्या झाडाच्या गाभ्यापासून होई आणि जहाजाने आयात होई. इकडे त्रावणकोरात विशाखम तिरुनाळ महाराजांनी १८८०-८५ च्या आपल्या कारकिर्दीत कसाव्याच्या लागवडीस उत्तेजन दिले. आणि दुसऱ्या महायुद्धात पूर्वेकडील आयात बंद पडली तेव्हा १९४० नंतरच्या काही वर्षांत तामिळनाडूतील सेलमच्या परिसरात कसाव्यापासून साबूदाणा करण्याचा धंदा उभा राहिला. झाड बदलले, देश बदलला, पण उपवासाचा परवाना तोच चालू राहिला, कारण तो दाण्याच्या रूपाला मिळालेला होता.

या उदार ताटाच्या शेजारी श्राद्धाचे ताट ठेवून पाहावे, म्हणजे अन्नाच्या इतिहासकाराला दोन दस्तऐवज एकत्र वाचल्याचा लाभ होतो. श्राद्धात कारले, गवार, अळू, आमसुलाची चटणी, वडे, खीर. आणि पुष्कळ जुन्या घरांत तिखटासाठी आजही मिरची न घालता मिरीच वापरतात, बटाटा व टोमॅटो यांना तर तिकडे फिरकूही देत नाहीत. पितरांना त्यांच्या काळचे अन्न द्यावे, ही भावना त्यामागे असावी. तांबड्या भोपळ्याने मात्र येथेही शिरकाव केला आहे. तोही अमेरिकेचाच, परंतु आपल्याकडील कोहळ्याचा व दुध्याचा भाऊबंद शोभेल असे रूप घेऊन आल्यामुळे त्याची चौकशीच झाली नाही. उपवासाने नव्यांना आत घेतले आणि श्राद्धाने जुन्यांचे दप्तर जपले. एकाच घरातल्या या दोन वहिवाटी परस्परविरुद्ध दिसल्या तरी समाजाला दोन्हींची गरज असते.

बटाट्याला उपवासाखेरीज सरकारी जामीनही मिळाला. कलकत्त्याचे बिशप हेबर यांनी १८२४ च्या सुमारास लिहून ठेवले आहे की, प्रथम नावडता असलेला बटाटा आता एतद्देशीयांत चांगलाच प्रिय झाला आहे. गव्हर्नर माल्कम यांच्या काळापासून महाबळेश्वरी जे गिरिस्थान वसले, तेथे सिंगापूरकडून आणून ठेवलेल्या चिनी कैद्यांनी बटाट्याची व विलायती भाज्यांची लागवड केली, असे सातारा जिल्ह्याच्या गॅझेटिअरमध्ये नमूद आहे. ज्या बटाट्याच्या भाजीशिवाय आज लग्नाची पंगत उठत नाही, तिच्या पूर्वपीठिकेत चिनी बंदिवानांचे कष्ट आहेत, ही गोष्ट पंगतीत सांगण्यासारखी आहे.

येथवर जे सांगितले त्यात जामीन निमूटपणे मिळत गेला. तो नाकारला गेला म्हणजे काय होते, याचे महाराष्ट्रातील प्रसिद्ध उदाहरण म्हणजे पंचहौद मिशनमधील चहाचे प्रकरण होय. १८९० च्या ऑक्टोबरात पुण्यातील या मिशनमध्ये व्याख्यानाच्या निमित्ताने न्यायमूर्ती रानडे, टिळक, गोखले प्रभृती मंडळी जमली असता मिशनरी यजमानांनी चहा-बिस्किटे पुढे केली; कोणी चहा घेतला, कोणी शिष्टाचारापुरता पेला ओठांना लावला, कोणी तो तसाच ठेवला. या मेजवानीमागे सूत्रधार होते गोपाळराव जोशी, डॉ. आनंदीबाईंचे पती; उपस्थितांची नावे 'पुणे वैभव' पत्रात झळकली आणि शहरात वादळ उठले. मामला शंकराचार्यांच्या पुढे गेला, ग्रामण्य झाले, चौकशी बसली, वादी-प्रतिवादींचे युक्तिवाद झाले. आपण काशीस प्रायश्चित्त घेतल्याचे टिळकांनी सांगितले. रानड्यांनी अखेर १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतले आणि त्याबद्दल सुधारकांची टीका सोसली. रमाबाई रानडे यांनी 'आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी' या १९१० सालच्या पुस्तकात या प्रसंगाने घरात किती मनस्ताप झाला ते सांगितले आहे. गोपाळरावांच्याच पत्नीने, १८८३ मध्ये अमेरिकेला निघण्यापूर्वी, आपण हिंदू म्हणूनच जाऊ व हिंदू म्हणूनच परत येऊ असे बंगालमधील श्रीरामपूरच्या जाहीर सभेत सांगितले होते आणि परमुलखात शाकाहार व पोशाख दोन्ही निष्ठेने सांभाळले होते, हे आठवले म्हणजे नियतीच्या योजनेचे कौतुक वाटते.

या सगळ्या खटल्यात आरोप चहाच्या पत्तीवर नव्हता. तो पेला पुढे करणाऱ्या हातावर होता. याची साक्ष पुढच्या इतिहासाने दिली. १९०३ मध्ये सरकारने चहावर उपकर बसवला आणि त्या पैशांतून चहाचा प्रसार होऊ लागला, आगगाडीच्या स्थानकांवर चहा मिळू लागला, मुंबईत इराण्यांची हॉटेले फोफावली. आणि खुद्द पुण्यात १९२० च्या दशकापासून राजस्थानातून आलेल्या ब्राह्मण कुटुंबांनी, देवाची तसबीर भिंतीवर टांगून आणि लखलखीत पितळी पातेल्यात आले-वेलची ठेचून घालून, चहा विकायला आरंभ केला. तीस-पस्तीस वर्षांपूर्वी ज्या पेयाने अर्धे पुणे बाटले होते, तेच आता अमृततुल्य ठरले. पाने तीच, दूध तेच. पण ब्राह्मणाचा हात आणि पितळेचे भांडे हे दोन भरवशाचे जामीन त्याला मिळाले होते. त्या काळच्या जातिनिष्ठ समाजाचे हे चित्र आजच्या वाचकाला रुचणारे नाही. परंतु नवा घास कोणाच्या हातून येतो याचाच विचार माणूस आधी करतो, हे सत्य त्यातून जितके लख्ख दिसते तितके अन्यत्र दिसत नाही.

टोमॅटोची कथा थोडक्यात सांगता येईल. त्याचा लाल रस अनेक सोवळ्या घरांना मांसाची आठवण करून देई, आणि माझ्या आजोळी तो पहिल्याने आला तेव्हा आजीने त्याची जागा पडवीत ठरवली होती. ओट्यापर्यंत त्याला येऊ दिले ते तिच्या सुनेने, डॉक्टरांनी अशक्त मुलाला सांगितलेले सार करण्यासाठी. आजारपण हाही एक मोठा जामीनदार आहे. पाव, बिस्किटे, कोको असे कितीतरी जिन्नस आमच्या घरांत पथ्याच्या वाटेने आले आणि रोगी बरा झाल्यावरही परत गेले नाहीत.

याउलट, सक्तीने आलेल्या अन्नाची गत पाहावी. मुंबईत १९४३ साली शिधावाटप सुरू झाले आणि भातावर वाढलेल्या कोकणी कुटुंबांच्या पदरी गहू पडू लागला. गव्हाला मात्र पुरणपोळीमुळे सणाची प्रतिष्ठा आधीच होती, म्हणून कुरकुरत का होईना पोळी रोजच्या ताटात स्थिरावली. १९७२ च्या दुष्काळात परदेशातून आलेल्या तांबड्या मिलोला असे कोणीही नव्हते. तो ज्वारीचा सगोत्र. पण त्याची भाकरी ज्वारीसारखी होईना, परदेशात तो जनावरांना घालतात ही वार्ता त्याच्या आधीच गावोगाव पोचलेली, आणि तो मिळे तो रांगेत उभे राहून, लाचारीच्या भावनेसह. लोकांनी तो खाल्ला, त्याने जीव जगले, हे कृतज्ञतेने मान्य केले पाहिजे. परंतु पाऊस पडताच महाराष्ट्राने त्याला जो निरोप दिला तो कायमचा. चहाला जे हॉटेलवाल्याच्या पितळेने दिले, ते मिलोला सरकारच्या सबंध यंत्रणेला देता आले नाही, कारण सन्मानाने वाढलेले नाही ते अन्न घरचे होत नाही.

आज जामीनदार बदलले आहेत. कमलाबाई ओगले यांच्या १९७० सालच्या 'रुचिरा'ने वाटी-चमच्याच्या मापाने सांगून कित्येक अपरिचित पदार्थांना मध्यमवर्गीय घरांत आणले; ती ग्वाही एका अनुभवी गृहिणीची होती आणि पदार्थ फसला तर वाचक तिला जबाबदार धरू शकत होता. सध्या हे काम हातातल्या पडद्यावरच्या अनोळखी माणसांकडे गेले आहे. ते रोज एका नव्या पदार्थासाठी जामीन राहतात, पण ज्याच्यावर कधीच जप्ती येत नाही असा तो जामीन असतो. खाणाराला अपचन झाले तरी त्यांची ठेव सुरक्षित राहते. नव्या पदार्थांविषयी माझी तक्रार नाही, ज्याच्या पूर्वजांनी मिरची पचवली त्याला कशाचीही धास्ती नसावी. तक्रार आहे ती जबाबदारी न घेता दिलेल्या ग्वाहीविषयी.

आणि काळाचा उलटा न्याय असा की, आता आपले जुनेच अन्न नव्या पिढीला परके झाले आहे. राळे, हरीक, नाचणी ही नावे शहरातल्या कित्येक मुलांनी ऐकलेली नाहीत. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे वर्ष भरड धान्यांचे म्हणून साजरे केले, व्याख्याने झाली, प्रदर्शने भरली. परंतु व्याख्यान ऐकून कोणाच्या जिभेने आपला पहारा उठवल्याचे माझ्या पाहण्यात नाही. नाचणीची भाकरी पौष्टिक आहे, हे सांगून मूल ती खाणार नाही. बाप ती लोण्याबरोबर मिटक्या मारीत खातो, हे रोज दिसले तर कदाचित खाईल.

म्हणून वाचकांना माझी विनंती एवढीच आहे. या दिवाळीत फराळाच्या ताटात, चकलीच्या व करंजीच्या शेजारी, राळ्याचा किंवा नाचणीचा एखादा पदार्थ थोडासा ठेवावा. मुलांपुढे त्याचे गुणगान करू नये, तो संपवलाच पाहिजे असा हुकूम सोडू नये, आपण मात्र त्यांच्या देखत आवडीने खावा, आणि पहिल्या खेपेस त्यांनी तोंड फिरवले तर पुन्हा पंधरा दिवसांनी तोच पदार्थ तितक्याच प्रसन्नतेने मांडावा. त्याबरोबरच घरातल्या वृद्धांना विचारून, आपल्या घरी टोमॅटो, पाव, चहा, साबूदाणा पहिल्याने केव्हा व कोणाच्या हातून आले, ते वहीत लिहून ठेवावे. सरकारी दप्तरांत ही माहिती सापडत नाही, आणि ती सांगू शकणारी माणसे फार काळ राहणार नाहीत.